मॅट टॅल्बट : गुत्त्याच्या दारापासून प्रभूच्या दारापर्यंत



राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना आपण मनात काहीतरी ठरवतो. यंदा दारूला हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी घरात रोजरी व्हायलाच हवी. सकाळच्या मिस्सेला जायचे. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग कुठल्यातरी लग्नाचे आमंत्रण येते, कामावर उशीर होतो, एखादे दिवशी अंग दुखते. ईस्टर उजाडेपर्यंत संकल्प कधी सुटला हेही आठवत नाही. आपली श्रद्धा खोटी असते असे नाही, पण ती रोजच्या धावपळीत टिकवायची कशी, हे आपल्याला उमगत नाही.

ज्याला हे उमगले अशा एका माणसाची ही जीवनकथा आहे. तो धर्मगुरू नव्हता, मठातला ब्रदर नव्हता, मोठा विद्वानही नव्हता. आयर्लंडमधील डब्लिन शहरात लाकडाच्या वखारीत ओझी उचलणारा तो एक साधा मजूर होता. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तो पक्का दारुडा होता आणि त्यानंतरच्या ४१ वर्षांत त्याने दारूचा एक थेंबही घेतला नाही. त्याचे नाव मॅथ्यू टॅल्बट. सारे जग त्याला मॅट टॅल्बट म्हणून ओळखते.

बारा भावंडांचे घर

मॅटचा जन्म २ मे १८५६ रोजी डब्लिनमधील एका गरीब कुटुंबात झाला. चार्ल्स आणि एलिझाबेथ टॅल्बट यांच्या बारा मुलांपैकी तो दुसरा. वडील गोदीत कामाला होते. घर भाविक होते, पण दारिद्र्य आणि दारू या दोन्ही गोष्टींचा मुक्काम त्या घरात कायमचा होता. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असे बिऱ्हाड सतत हलत असे. मॅट शाळेत गेला तो जेमतेम, आणि तिथेही दांड्या मारण्यातच पटाईत. लिहिण्यावाचण्याची तोंडओळख झाली एवढेच.

बाराव्या वर्षी तो कामाला लागला, तेही दारू बाटल्यांत भरणाऱ्या व्यापाऱ्याकडे. पोर बाटल्यांतला उरलासुरला माल चाखू लागले आणि वर्षभरात घरी झिंगून येऊ लागले. वडिलांनी झोडपून काढले, ती नोकरी सोडायला लावली आणि आपल्या नजरेखाली राहावा म्हणून गोदीत कामाला लावले. पण तिथे व्हिस्कीची कोठारे होती! बिअर गेली आणि व्हिस्की आली. पुढे सतराव्या वर्षाच्या सुमारास तो गवंड्यांच्या हाताखाली विटा आणि चुना वाहण्याचे काम करू लागला.

मॅट कामचुकार नव्हता. अंगात ताकद होती आणि कामात तो इतरांच्या पुढे असे. पण शनिवारी हातात पडलेला पगार सोमवारपर्यंत टिकत नसे. आईच्या हातावर तो क्वचितच काही ठेवी. ती बिचारी लोकांच्या घरी साफसफाईची कामे करून चूल पेटती ठेवी. पैसे संपले की मॅट उधारीवर पिई आणि उधारी बंद झाली की अंगावरच्या वस्तू विकी. एकदा तर पायातले बूट दारूपायी गेले. आणखी एकदा त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका गरिबाचे फिडलच पळवले आणि विकून त्याची दारू प्यायली. ही गोष्ट त्याच्या काळजात पुढे आयुष्यभर सलत राहिली.

त्याही दिवसांत रविवारची मिस्सा त्याने सोडली नव्हती. पण पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारून त्याला वर्षे लोटली होती. तो नावापुरता ख्रिस्ती होता. देवळाच्या आत उभा, पण प्रभूपासून दूर.

ती शनिवारची दुपार

वर्ष १८८४. त्या आठवड्यात मॅट कामावर गेलाच नव्हता, त्यामुळे खिशात दमडी नव्हती. शनिवारी दुपारी मजूर पगार घेऊन परत येतात हे त्याला ठाऊक होते. तो आपल्या धाकट्या भावासह गुत्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहिला. खिशात पैसे असताना त्याने कितीतरी सोबत्यांना पाजली होती. आज कुणीतरी आपल्याला आत बोलावील अशी त्याची खात्री होती.

सोबती आले. कुणी मान हलवली, कुणी चार शब्द बोलले आणि सगळे आत निघून गेले. एकानेही त्याला आत बोलावले नाही.

हा घाव मॅटच्या वर्मी लागला. तो तिथून निघाला आणि थेट घरी आला. शनिवारी दुपारी शुद्धीवर असलेला मुलगा दारात बघून आईला नवल वाटले. जेवण झाल्यावर त्याने आईला सांगितले की मी दारू सोडण्याची शपथ घ्यायला जातो आहे. आईने अशा गोष्टी कमी का ऐकल्या असतील? तिने त्याला अडवले नाही. पाळायची असेल तरच शपथ घे, नाहीतर घेऊ नकोस, एवढेच तिने बजावले, आणि देव तुला बळ देवो असा आशीर्वाद दिला.

मॅट क्लॉनलिफ येथील होली क्रॉस सेमिनरीत गेला. तिथे एका धर्मगुरूंपाशी त्याने कितीतरी वर्षांनी पापनिवेदन केले आणि शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी रविवारी पहाटे पाचच्या मिस्सेला जाऊन त्याने पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारले.

फक्त तीन महिने

बंधुभगिनींनो, मॅटने पहिली शपथ जन्मभराची घेतली नाही. ती घेण्याचे धाडसच त्याला नव्हते. त्याने फक्त तीन महिन्यांची शपथ घेतली. तेवढे दिवस निभावतील की नाही याचीही त्याला शंका होती. ते तीन महिने त्याच्यासाठी अग्निदिव्य होते. अंग दारू मागत होते आणि मन अस्वस्थ होते. तीन महिने संपले की मी पुन्हा पिणार, असे तो घरी येऊन आईला सांगे. पण तीन महिने संपले तेव्हा त्याने आणखी सहा महिन्यांची शपथ घेतली, आणि त्यानंतर मात्र जन्मभराची.

या काळात तो कसा तगला? त्याने केवळ मनाच्या जोरावर भरवसा ठेवला नाही. काम सुटले की पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात हे त्याने ओळखले होते. म्हणून ती वेळ तो चर्चमध्ये काढू लागला. सुरुवातीला एका संध्याकाळी तो खिशात पैसे घेऊन एका गुत्त्यात शिरलाच. आत गर्दी होती, वाढणारा आपल्या कामात होता, त्याचे मॅटकडे लक्ष गेले नाही. मॅट काही क्षण थांबला, तसाच बाहेर पडला आणि जवळच्या जेझुइट फादरांच्या चर्चमध्ये जाऊन चर्च बंद होईपर्यंत बसून राहिला. त्या दिवसापासून त्याने एक नियम केला. बाहेर पडताना खिशात पैसे ठेवायचे नाहीत.

किती साधी गोष्ट! पण त्यात मोठे शहाणपण होते. मोहापुढे उभे राहून आपण जिंकू असा अहंकार त्याने बाळगला नाही. आपण दुबळे आहोत हे त्याने मान्य केले आणि मोहाची वाटच बंद केली.

आध्यात्मिक संकटेही आली. एका सकाळी ख्रिस्तशरीर घेण्यासाठी पुढे होताना त्याच्या मनात निराशा दाटून आली. हे सगळे व्यर्थ आहे, तू पुन्हा पिणारच, असे मन सांगू लागले. तो एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये गेला, तरी तेच. शेवटी चर्चच्या पायऱ्यांवर हात क्रूसासारखे पसरून तो पालथा पडला आणि त्याने प्रभूची व पवित्र मरियेची करुणा भाकली. दार उघडले, तो आत गेला आणि त्याने ख्रिस्तशरीर स्वीकारले. मनाला शांती मिळाली.

पहाटेची मिस्सा, दिवसाचे काम

त्यानंतर रोजची मिस्सा हा मॅटच्या आयुष्याचा कणा बनला. पहाटे चर्चचे दार उघडण्यापूर्वीच तो पायऱ्यांवर गुडघे टेकून बसलेला असे. ऊन, पाऊस, आयर्लंडची कडाक्याची थंडी, कशानेही खंड पडला नाही. पुढे पहाटे पाचची मिस्सा बंद झाली आणि वेळ उशिराची झाली. ही नवी वेळ कामाच्या आड येऊ लागली. तेव्हा त्याने काम बदलले. आठ वाजता सुरू होणाऱ्या एका लाकडाच्या वखारीत तो रुजू झाला. आपण कामाच्या वेळेप्रमाणे मिस्सा बसवतो, नाहीतर वगळतो. मॅटने मिस्सेच्या वेळेप्रमाणे काम शोधले.

एका विद्वान धर्मगुरूंचे मार्गदर्शन तो नियमित घेत असे. १८९० साली तो संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाचा सभासद झाला. प्रपंचात राहून संत फ्रान्सिसच्या मार्गाने चालू पाहणाऱ्यांचा हा संघ. ज्याला शाळेत अक्षर धड लावता येत नव्हते तो माणूस आता हळूहळू, एकेक ओळ लावत बायबल वाचू लागला. संत ऑगस्टीन, संत तेरेजा, संत फ्रान्सिस द सेल्स यांचे ग्रंथ त्याने वाचले. आवडलेले विचार तो कागदाच्या चिठोऱ्यांवर वेड्यावाकड्या अक्षरांत उतरवून ठेवी. एवढे अवघड ग्रंथ तुला कळतात कसे, असे कुणी विचारले की तो सांगे, मी वाचण्यापूर्वी पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागतो.

मॅट तोंड पाडून बसणारा भक्त मात्र नव्हता. सोबत्यांत तो मिळूनमिसळून असे, विनोदाला हसे. वखारीत कुणी प्रभूचे नाव व्यर्थ घेतले, शिवीसारखे उच्चारले, तर मॅट काही न बोलता डोक्यावरची टोपी किंचित उचली. प्रभूच्या नावाला दिलेला तो मान होता. हळूहळू त्याच्यासमोर तसे बोलायला माणसे कचरू लागली. ज्या सोबत्याचे घर अडचणीत असे, त्याच्या हातात मॅटचे पैसे गुपचूप पडत.

त्याचा स्वभाव मुळात तापट होता. एकदा कामावरच्या वरिष्ठाला तो धर्मादायाच्या कामासाठी वर्गणी देण्यावरून वाकडे बोलला. नंतर तो स्वतः त्याच्याकडे गेला आणि प्रभूने मला तुमची क्षमा मागायला सांगितले आहे असे म्हणून त्याने माफी मागितली. मिस्सेहून आलेला माणूस कामावर कसा वागतो, यावरून मिस्सेचे फळ ओळखावे.

१९१३ साली डब्लिनमध्ये मालक आणि कामगार यांचा मोठा झगडा झाला. हजारो कामगार कित्येक महिने कामाबाहेर होते. मॅट कामगार संघटनेचा सभासद होता आणि कामगारांना योग्य वेतन मिळालेच पाहिजे असे त्याचे मत होते. संपाच्या काळात संघटनेकडून मिळणारे पैसे, आपण त्यासाठी काम केलेले नाही म्हणून, त्याने आधी नाकारले. नंतर ते घेतले, पण इतर संपकऱ्यांत वाटून टाकण्यास सांगितले. तो एकटा होता आणि त्यांना बायकामुले होती.

जुनी देणी

खरा पश्चात्ताप डोळ्यांतल्या पाण्यावर थांबत नाही, घेतलेले परत करावे लागते. मॅटने ज्या ज्या गुत्त्यांत उधारी केली होती तिथे जाऊन एकेकाची बाकी फेडली. त्या फिडलवाल्याचा शोध घेत तो डब्लिनभर फिरला. माणूस सापडला नाही. तो निवर्तला असावा असे समजून मॅटने फिडलचे पैसे त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करण्याकरिता दिले.

आईवर झालेला अन्यायही त्याने भरून काढला. १८९९ साली वडील वारले, त्यानंतर म्हातारी आई त्याच्याकडे राहिली. १९१५ साली तिचे देहावसान होईपर्यंत त्याने तिची सेवा केली. एकेकाळी ज्या मुलाची वाट पाहत ती रात्री जागून काढी, तोच मुलगा आता रात्री उठून गुडघ्यांवर प्रार्थना करताना तिला दिसे. मॅटचे भाऊ मात्र पीत राहिले. त्यांना सुधारणे त्याच्या हाती नव्हते. घरातला एक जण सुटला म्हणजे सगळे सुटतात असे नाही, हे दुःख आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे आहे. पण त्यांचे पाहून मॅट आपल्या वाटेवरून हटला नाही.

स्वतःसाठी त्याने फार थोडे ठेवले. तो लाकडी फळीवर झोपे, उशीही लाकडाचीच होती. साधे खाणे, उपवास, तंबाखूही सोडलेली. मजुरीतला मोठा भाग गरिबांना, अनाथांना आणि मिशनकार्याला जाई. १९२३ पासून हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या आजाराने त्याला अनेक महिने कामावर जाता आले नाही. उत्पन्न नावालाच उरले. तशाही अवस्थेत १९२४ च्या नाताळाच्या सुमारास त्याने चीनमधील मिशनकार्यासाठी आपला एक पौंड आणि बहिणीचे दहा शिलिंग पाठवून दिले. शुभवर्तमानातल्या त्या विधवेच्या दोन नाण्यांची इथे आठवण होते.

शेवटची वाट

७ जून १९२५. पवित्र त्रैक्याचा रविवार. मॅट ६९ वर्षांचा होता. डॉमिनिकन फादरांच्या चर्चमध्ये मिस्सेसाठी तो निघाला होता. ग्रॅन्बी लेन नावाच्या गल्लीत तो अचानक कोसळला. जवळपासची माणसे धावली, कुणीतरी पाणी आणले, पण त्याचा प्राण गेला होता. देह रुग्णालयात नेला. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हते. कपडे काढताना परिचारिकांना त्याच्या अंगाभोवती साखळी आणि दोऱ्या बांधलेल्या आढळल्या. हे त्याचे गुप्त प्रायश्चित्त होते. आपण पवित्र मरियेचे दास आहोत, याची ती खूण होती. त्याच्या आयुष्यात हे फारसे कुणाला कळले नव्हते.

चार दिवसांनी, ११ जून रोजी, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या दिवशी, त्याला ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली. ज्याने ख्रिस्तशरीराच्या बळावर ४१ वर्षे काढली त्याला हाच दिवस लाभावा!

तो गरिबाचा अंत्यविधी होता. पण पुढच्याच वर्षी त्याच्या जीवनावर एक छोटी पुस्तिका निघाली आणि तिची अनेक भाषांत भाषांतरे झाली. दारूच्या विळख्यात सापडलेली माणसे आणि त्यांची कुटुंबे त्याच्याकडे मध्यस्थी मागू लागली. १९७२ साली त्याचा पार्थिव अवशेष डब्लिनमधील लूर्द माऊलीच्या चर्चमध्ये हलवण्यात आला. ३ ऑक्टोबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याला पूज्य म्हणून घोषित केले.

आपण काय घ्यावे?

मॅटची साखळी आणि लाकडी उशी आपण उचलायची नाही. अशी कठोर प्रायश्चित्ते आध्यात्मिक मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय कुणी करू नयेत. आपण घ्यायचे ते त्याचे सातत्य.

त्याने जन्मभराचे ओझे एकदम उचलले नाही. आधी तीन महिने, मग सहा, मग जन्मभर. आणि प्रत्यक्षात तो एकेक दिवसच जगला, कारण शपथ जन्मभराची असली तरी गुत्ता रोज संध्याकाळी उघडत होता. प्रभूशी एकनिष्ठ राहणे म्हणजे एकदाच घेतलेला मोठा निर्णय नव्हे. तोच निर्णय रोज पहाटे नव्याने घ्यावा लागतो. त्यासाठी मॅटपाशी अगदी साधी साधने होती. पहाटेची मिस्सा, नियमित पापनिवेदन, थोडे वाचन, मार्गदर्शन करणारा एक धर्मगुरू आणि रिकामा खिसा. यातले काय आपल्या धर्मग्रामात मिळत नाही?

व्यसन हा आजारही आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्या घरात हे दुःख आहे त्यांनी लाज बाळगू नये. डॉक्टरांचे उपचार, व्यसनमुक्ती केंद्र, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा यांची मदत अवश्य घ्यावी. देव अशा माणसांच्या हातूनही काम करतो. आणि ज्यांनी सोडली आहे त्यांना आपण सांभाळावे. लग्नाच्या मांडवात, बाप्तिस्म्याच्या पार्टीत, एक घेतल्याने काय होते, असा आग्रह त्यांना करू नये. मॅटचे सोबती त्या शनिवारी त्याला न विचारता आत गेले आणि तो वाचला. आपण मात्र आग्रहाने एखाद्याला बुडवतो.

ज्याला दारूचा मोह नाही त्याचाही खिसा कुठल्यातरी मोहासाठी भरलेला असतो. कुणाला राग आवरत नाही, कुणाला पैशाचा हव्यास असतो, कुणाला दुसऱ्याची निंदा केल्याशिवाय चैन पडत नाही. कुणाचा हात प्रार्थनेच्या वेळी रिमोट किंवा मोबाइल सोडत नाही. आपला खिसा कोणत्या मोहासाठी भरलेला आहे हे आज ओळखू या आणि तो रिकामा करू या. जन्मभराचे नंतर पाहू. तीन महिन्यांपासून सुरुवात करू, आणि तेही जड वाटले तर उद्याच्या दिवसापासून. उद्या सकाळी मिस्सेची घंटा वाजेल तेव्हा उठायचे, एवढे आज ठरवले तरी पुष्कळ.

पूज्य मॅट टॅल्बट, व्यसनाने पोळलेल्या आमच्या घरांसाठी आणि संकल्प मोडून पुन्हा उभे राहू पाहणाऱ्या आम्हा सर्वांसाठी प्रभूकडे विनंती कर. आमेन.